सरावाची वही आणि पाळीची तारीख

गेल्या अंकात खेळाडूंच्या विश्रांतीविषयी लिहिताना मासिक पाळीचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत. बऱ्याच पत्रांची सुरुवात "हे विचारावे की नाही, कळत नव्हते" अशी आहे. जरूर विचारावे. गुडघा दुखतो हे प्रशिक्षकाला जितक्या सहज सांगता येते, तितक्याच सहज हेही सांगता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मी 27 वर्षांची असून अर्धमॅरेथॉनची तयारी करते आहे. मोबाईलमधील एका अ‍ॅपने माझ्या पाळीच्या तारखांवरून महिन्याचे चार भाग पाडून दिले आहेत. पहिल्या भागात विश्रांती, दुसऱ्यात जोरदार सराव, तिसऱ्यात स्पर्धेचा वेग आणि चौथ्यात केवळ हलका व्यायाम, असे त्यात आहे. मला मात्र दुसऱ्या भागात कधीकधी पार गळून गेल्यासारखे होते आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशी उत्तम धावता येते. माझ्या शरीरात काही बिघाड आहे का?

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून बिघाडाचे काही लक्षण दिसत नाही. तो तक्ता जितका ठाम आहे, तितके ठाम या विषयाचे ज्ञानच अजून झालेले नाही.

आधी चक्र समजून घेऊ. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. त्या वेळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके खालच्या पातळीवर असतात. पुढे बीजांडकोशात बीजपुटिका वाढू लागते तसतसे इस्ट्रोजेन चढत जाते. ते शिगेला पोहोचले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट येते आणि साधारण दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतरच्या दिवसांवर प्रोजेस्टेरॉनचा अंमल असतो. शरीराचे तापमान तीन ते पाच दशांश अंश सेल्सिअसने वाढते, स्वस्थ बसलेले असतानाही नाडीचे ठोके थोडे वाढलेले आढळतात, अनेकींची झोप चाळवते. गर्भ राहिला नाही, की दोन्ही संप्रेरके उतरतात आणि पाळी येते. प्रौढ स्त्रीमध्ये 21 ते 35 दिवसांचे चक्र सर्वसाधारण मानले जाते.

तारखांवरून आखणी करणाऱ्या अ‍ॅपची पहिली अडचण इथेच येते. चक्र लांबते किंवा आखडते ते मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वीच्या भागात. त्यानंतरचा भाग बहुतेकींमध्ये बारा ते चौदा दिवसांच्या आसपास राहतो. म्हणजे एखाद्या महिन्यात तुमचे चक्र 34 दिवसांचे झाले असेल, तर स्त्रीबीज विसाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडलेले असणार. अ‍ॅपने ते चौदाव्या दिवशी गृहीत धरले असेल, तर पुढचे सगळे वेळापत्रक जवळपास आठवडाभर सरकलेले असते. नेमका दिवस जाणून घ्यायचाच असेल, तर लघवीतील त्या लाटेची चाचणी करणारे किट वापरावे लागते, किंवा रोज पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी तापमान मोजावे लागते.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. चक्राच्या कोणत्या भागात कामगिरी उंचावते आणि कोणत्या भागात घसरते, हे शोधणाऱ्या 78 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2020 साली प्रसिद्ध झाला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरीने किंचित कमी दिसते, पण हा फरक नगण्य म्हणावा इतका लहान आहे आणि बहुतेक अभ्यासांचा दर्जाही बेताचाच आहे, असे त्यातून निघाले. सर्वांसाठी एकच नियम करू नये, प्रत्येक खेळाडूचे वेगळे पाहावे, अशी शिफारस त्या संशोधकांनीच केली. ताकदीच्या व्यायामाचेही तसेच झाले. पाळीनंतरच्या पंधरवड्यात जास्त वजने उचलणाऱ्या स्त्रियांना अधिक लाभ झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले होते, परंतु या क्षेत्रातील आढाव्यांचाच 2023 साली पुन्हा आढावा घेण्यात आला, तेव्हा तसे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा हाती लागला नाही. शिकागो मॅरेथॉनमध्ये 2002 साली ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ हिने 2 तास 17 मिनिटे 18 सेकंदांचा जागतिक विक्रम केला, तेव्हा शेवटच्या टप्प्यात तिला पाळीच्या कळा येत होत्या. यावरून प्रत्येकीने कळा सोसत धावावे असा अर्थ मी काढणार नाही. पहिल्या दिवशी शरीरातली ताकद आपोआप निघून जाते ही समजूत मात्र त्यातून नक्कीच खोडली जाते.

मग पाळीचा विचार करूच नये का? करावा, पण स्वतःच्या नोंदींवरून. माझ्याकडे येणाऱ्या एका धावपटूने साधी रेघांची शंभर पानी वही केली होती. रोज एकच ओळ: चक्राचा कितवा दिवस, किती तास झोप, दुखणे शून्य ते तीनमध्ये किती, आणि सराव एक ते दहामध्ये किती जड वाटला. पाळीच्या दिवसांपुढे लाल पेन्सिलीचा ठिपका. चार चक्रांनंतर आम्ही ती वही टेबलावर उघडली, तेव्हा आठ आणि नऊचे आकडे लाल ठिपक्यांजवळ नव्हतेच. ते त्यांच्या आधीच्या दोन-तीन ओळींत दाटलेले होते, आणि त्याच ओळींत झोपेच्या रकान्यात पाच, साडेपाच असे तास होते. ती मात्र कित्येक वर्षे पाळीचे पहिले तीन दिवस सुट्टी घेत आली होती आणि त्याच्या आदल्या, खऱ्या अवघड दिवसांत अंगावर जड सराव ओढून घेत होती. तिच्या वेळापत्रकात आम्ही एवढाच बदल केला: वेगाचे तुकडे धावण्याचा दिवस त्या दोन-तीन दिवसांच्या पलीकडे नेला, त्या रात्री लवकर झोपायचे ठरवले, आणि पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पूर्ण सराव सुरू ठेवला.

तुम्हीही किमान तीन चक्रे अशी नोंद ठेवा. त्यातून काही ठरावीक घडी दिसली तर जड सराव एकदोन दिवस मागेपुढे करा. तीन आठवडे चढता सराव आणि चौथा आठवडा हलका अशी आखणी असेल, तर हलका आठवडा तुमच्या अवघड दिवसांवर आणता येईल. घडी दिसली नाही, तर पाळीचा विचार न करता नेहमीचाच सराव करा. असे अनेकींचे असते. पाळीपूर्वीच्या पंधरवड्यात उन्हात लांब पल्ला धावायचा असेल, तर शरीर मुळातच थोडे तापलेले असते हे लक्षात ठेवून पहिले काही किलोमीटर सावकाश घ्यावेत आणि पाणी वेळेवर प्यावे, एवढी एक सूचना मात्र मी सगळ्यांनाच करते.

प्रश्न : मी दोन वर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेते. मी चक्राप्रमाणे सराव कसा आखू?

उत्तर : दोन संप्रेरके असलेल्या नेहमीच्या गोळ्या घेताना शरीराचे स्वतःचे चक्र दबलेले असते. गोळ्या थांबवल्यावर किंवा पाकिटातील औषधविरहित गोळ्यांच्या दिवसांत जो रक्तस्राव होतो, तो संप्रेरक काढून घेतल्यामुळे होतो. ती नैसर्गिक पाळी नव्हे. तेव्हा चक्राचे भाग तुम्हाला लागूच होत नाहीत. पाकिटातल्या कितव्या गोळीला डोके दुखते, कधी पोट फुगते, एवढे टिपून त्यानुसार किरकोळ बदल करावेत. संप्रेरकयुक्त तांबी बसवलेल्या स्त्रियांचे वेगळे असते. त्यांच्यापैकी अनेकींमध्ये रक्तस्राव अगदी कमी होऊनही आतले चक्र चालू राहते.

प्रश्न : मी 21 वर्षांची कुस्तीगीर आहे. येत्या मोठ्या स्पर्धेत वजन आणि पहिली लढत नेमकी पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी येते आहे. त्या दिवसांत माझे वजन वाढते. मैत्रिणीने पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणि अंगातले पाणी कमी करण्याची गोळी, अशा दोन्ही सुचवल्या आहेत. घेऊ का?

उत्तर : पाण्याची गोळी अजिबात घेऊ नका. लघवीवाटे पाणी काढणारी औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, प्रतिबंधित यादीत आहेत आणि ती स्पर्धेच्या काळात तसेच एरवीही वर्ज्य आहेत. याच्या जोडीने आणखी एक सावधगिरीची सूचना देते, कारण ही चूक अगदी निष्पाप मनाने होते. चेहऱ्यावरील केस किंवा मुरुमांसाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन आणि पीसीओएस (संप्रेरकांचे संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या स्त्रियांना स्त्रीबीज तयार व्हावे म्हणून दिली जाणारी लेट्रोझोल व क्लोमिफेन ही औषधेही त्याच यादीत येतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना तुमचा खेळ माहीत असेलच असे नाही. "मी स्पर्धात्मक खेळाडू आहे, माझी उत्तेजक चाचणी होऊ शकते" हे वाक्य औषधाची चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वी तुम्हीच उच्चारले पाहिजे.

पाळी पुढे ढकलण्यासाठी सहसा नॉरएथिस्टेरॉन दिले जाते. ते पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधी सुरू करतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. स्वतःला किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल, किंवा तुम्हाला अर्धशिशी असेल, तर ते आधी सांगावे. माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या गोळीने काहींचे पोट फुगते आणि अंग जड वाटते, म्हणजे ज्या कारणासाठी ती घ्यायची तेच बिघडण्याचा संभव असतो. घ्यायचीच असेल तर दोन-तीन महिने आधी एखाद्या साध्या सरावाच्या आठवड्यात घेऊन पाहावी. मोठ्या स्पर्धेत नवे बूट कोणी घालत नाही; नवे औषधही त्याच न्यायाने घेऊ नये. आणि घेतलेले प्रत्येक औषध उत्तेजक चाचणीच्या अर्जावर लिहावे.

वजनाबद्दल बोलायचे तर पाळीच्या आसपास वाढलेले वजन बहुतांशी साठलेल्या पाण्याचे असते आणि ते काही दिवसांत उतरते. तुमच्या बाबतीत ते नेमके किती, हे अंदाजाने ठरवू नका. रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करून तीन महिने लिहा. समजा फरक आठशे ग्रॅमचा निघाला, तर ते आठशे ग्रॅम आधीच हिशेबात धरून वजन हळूहळू त्या पातळीला आणता येते. आदल्या रात्री घाम गाळत बसण्याची वेळ येत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली मीराबाई चानू हिने 199 किलो वजन उचलले आणि एका किलोने तिचे कांस्यपदक हुकले. त्या दिवशी आपल्या पाळीचा तिसरा दिवस होता आणि अशक्तपणा जाणवत होता, असे तिने स्पर्धेनंतर मोकळेपणाने सांगितले. इतक्या बारीक फरकाच्या खेळात आधीची तयारी किती मोलाची असते, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

कळांसाठी मेफेनॅमिक आम्ल किंवा आयब्युप्रोफेन या गोळ्या चालतात. त्यांवर बंदी नाही. कळा वाढण्याची वाट न पाहता, चाहूल लागताच आणि काही खाऊन त्या घेतल्या तर अधिक उपयोग होतो, कारण कळ आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्यालाच त्या अटकाव करतात. मात्र वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेले असताना त्या कदापि घेऊ नयेत. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. दमा किंवा जठराचा व्रण असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची आहे आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावते. गेल्या वर्षभरात ती बारीक झाली, तिची वेळही सुधारली. पण पाच महिने तिला पाळी आलेली नाही. प्रशिक्षक म्हणतात की चांगला सराव करणाऱ्या मुलींचे असेच होते, काळजी करू नये. मी काळजी करावी का?

उत्तर : होय, करावी, आणि याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्यावे. आलेल्या पत्रांपैकी मला सर्वांत अस्वस्थ करणारे पत्र हेच होते.

ज्या मुलीची पाळी सुरू झालेली आहे, तिला सलग तीन महिने पाळी आली नाही तर तपासणी करावी, आणि वयाच्या 15 व्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाही तरीही करावी, असा वैद्यकातला नियम आहे. तो खेळाडूंसाठी सैल होत नाही. पुष्कळ धावणाऱ्या मुलींमध्ये हे वारंवार दिसते हे खरे, परंतु वारंवार दिसणारी गोष्ट निरोगी असतेच असे नाही.

असे होते, कारण धावून खर्ची पडणारी ऊर्जा आणि अन्नातून मिळणारी ऊर्जा यांचा मेळ बसत नाही. सरावाचा खर्च वजा जाता शरीराच्या बाकीच्या कामांसाठी जे उरते, त्याला उपलब्ध ऊर्जा म्हणतात. ते फार कमी झाले की मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) हा भाग बीजांडकोशाकडे जाणारे संदेश मंदावतो. जगण्यासाठी तातडीने न लागणारी कामे शरीर बंद करू लागते आणि त्यांत पाळीचा क्रमांक पहिल्या काहींत असतो. एक हिशेब मांडते. समजा मुलीचे वजन 48 किलो आहे आणि त्यातील चरबी सोडून उरलेले वस्तुमान 40 किलो आहे. या 40 किलोंपैकी दर किलोमागे दिवसाला सुमारे 45 किलोकॅलरी उरल्या, तर शरीराचे कामकाज नीट चालते. 30 च्या खाली गेल्यावर संप्रेरकांत बिघाड होण्याची शक्यता बरीच वाढते. ही काटेकोर सीमारेषा नव्हे, अंदाज घेण्यापुरती आहे. आता तिने सरावात 600 खर्च केल्या आणि दिवसभरात 1,700 खाल्ल्या, तर उरल्या 1,100, म्हणजे किलोमागे 27 ते 28. ताटात फारसे कमी दिसत नाही, मुलगी "मी जेवते आहे की" असेच सांगते, आणि तरीही शरीर उपाशी असते. तिला 45 गाठायचे असतील, तर 2,400 खाव्या लागतील. हे मुद्दाम केलेले डाएटिंग असेलच असे नाही. सरावानंतर भूक मरते, शाळेच्या आणि सरावाच्या वेळा जुळत नाहीत, असेही पुष्कळदा असते. तरीही ती जेवण टाळते का, सारखे वजन करते का, हे प्रेमाने पाहावे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे नाव दिले आणि 2023 साली त्यावरील मार्गदर्शन नव्याने प्रसिद्ध केले. यातली सर्वांत मोठी हानी हाडांची होते. इस्ट्रोजेन हाडांचे राखणदार आहे आणि हाडांत भर पडण्याचा मुख्य काळ विशीच्या आसपास संपत येतो. सतराव्या वर्षी गेलेले महिने पुढे पूर्णपणे भरून काढता येतीलच याची खात्री नसते. नडगीच्या पुढच्या बाजूला बोटाने दाबल्यावर एकाच टिचभर जागी दुखते का, हे आज रात्रीच तिला विचारा. तसे असेल तर ताणामुळे हाडाला तडा गेला आहे का हे तपासेपर्यंत धावणे बंद ठेवा. वेळ सुधारली म्हणून धीर धरू नका. वजन उतरल्यावर काही महिने वेग वाढलेला दिसतो आणि मग दुखापती व आजारपण यांची रांग लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तपासणीत डॉक्टर रक्तातील संप्रेरके, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बहुधा हाडांची घनता पाहतील. गर्भधारणा नाही याची खात्री करणे हा अशा प्रत्येक तपासणीचा नेहमीचा पहिला टप्पा असतो. त्यात मुलीवर संशय घेण्याचा प्रश्न नसतो, हे तिला आधीच समजावून सांगावे म्हणजे ती दुखावणार नाही. पीसीओएससारखी अन्य कारणेही असू शकतात, म्हणून घरच्या घरी निदान करू नये. आणि कोणी केवळ पाळी यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायला सांगितले, तर त्यामागचे कारण अवश्य विचारा. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण मूळची उपासमार तशीच राहते, हाडांना अपेक्षित संरक्षण मिळत नाही, आणि शरीर आपल्याला देत असलेली एकुलती एक सूचना झाकली जाते. खरा उपाय जेवण वाढवणे आणि सराव काही काळ कमी करणे हाच आहे. पाळी परतायला काही महिने लागतात, क्वचित वर्षही लागते. तो काळ वाया गेला असे मुलीला वाटू देऊ नका. प्रशिक्षकांशी आपण दोघी मिळून बोललात तर उत्तम. त्यांनी ऐकले नाही, तर डॉक्टरांकडून लेखी सल्ला घ्या.

प्रश्न : मी 33 वर्षांची हौशी सायकलपटू आहे. पाळीत अंगावरून फार जाते, सात-आठ दिवस चालते. त्यानंतरचा आठवडा चढावर दम लागतो. अ‍ॅपनुसार तो माझा सर्वांत ताकदीचा आठवडा असायला हवा.

उत्तर : अ‍ॅप बाजूला ठेवा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासून घ्या. केवळ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नका, कारण शरीरातला लोहाचा साठा रिकामा होत आलेला असतानाही ते काही काळ 12 च्या वर टिकून राहते. साठा दाखवते ते फेरिटिन, आणि ते 30 च्या खाली असेल तर दमणुकीचे कारण बहुधा सापडले असे समजावे. एका पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिस्राव. मिलिलिटर कोणी मोजत बसत नाही, म्हणून खुणा सांगते: तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री त्यासाठी उठावे लागणे, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या पडणे, आणि सात दिवसांहून अधिक रक्तस्राव. यांपैकी एकही खूण असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण गर्भाशयातील गाठी, थायरॉइड किंवा रक्त गोठण्यातील दोष यांपैकी काही असू शकते. नळ वाहता ठेवून हौद भरत बसण्यात अर्थ नाही.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सुचवल्यास दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड घेतलेल्या पुरतात. जास्त घेतल्याने शोषण त्या प्रमाणात वाढत नाही, पोट मात्र बिघडते. जोरदार सरावानंतर काही तास शरीर लोह कमी शोषते, म्हणून गोळी सकाळी सरावाच्या आधी किंवा सराव संपताच घ्यावी, सोबत क जीवनसत्त्व असलेले काहीतरी असावे आणि चहा-कॉफी त्यापासून तास-दोन तास दूर ठेवावी. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासावे. तोवर चढाचे जोरदार सराव पाळीनंतरच्या आठवड्यात ठेवू नका. सपाटीवर, बोलता येईल अशा वेगाने सायकल चालवा.

प्रश्न : मी मुलींच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. संघात 13 ते 19 वयाच्या 16 मुली आहेत. अमेरिकेच्या महिला संघाने 2019 च्या विश्वचषकाच्या तयारीत पाळीच्या नोंदी ठेवल्या होत्या, असे वाचले. मीही ठेवाव्यात असे वाटते, पण पुरुष असल्यामुळे विषय कसा काढावा हे कळत नाही. पाळीच्या दिवसांत गुडघ्याला दुखापत होण्याची शक्यता जास्त असते, हेही खरे का?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. गुडघ्याचे आधी सांगते. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींना त्याच खेळातील मुलांपेक्षा खरोखरच अनेक पटींनी जास्त असतो, परंतु चक्राच्या अमुक दिवशी तो वाढतो याविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे तारखा पाहून कोणाला बाहेर बसवू नका. उडी मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, दिशा बदलताना गुडघा आत न झुकवणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद वाढवणे, असे वॉर्मअप आठवड्यातून दोन-तीनदा वर्षभर घेतल्याने दुखापती कमी होतात, हे चांगले सिद्ध झालेले आहे.

नोंदींच्या बाबतीत आपल्या संघाचे वय पाहा. व्यावसायिक संघातील प्रौढ खेळाडूंचे चक्र आणि तेरा वर्षांच्या मुलीचे चक्र यांत फार अंतर असते. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे ती 21 ते 45 दिवसांत कधीही येऊ शकते आणि पुष्कळदा त्यात स्त्रीबीज बाहेर पडलेलेच नसते. त्यावर सरावाची आखणी करणे व्यर्थ आहे. लहान मुलींनी नोंद ठेवावी ती स्वतःची ओळख व्हावी म्हणून, आणि वही त्यांच्याकडेच असावी. आपल्याला तारखा कळण्याची गरज नाही. आपल्याला तीनच गोष्टी कळायला हव्यात: आज कोणाला त्रास होतो आहे का, कोणाची पाळी तीन महिने आलेली नाही का, आणि कोणाला दर वेळी इतके दुखते का की सराव किंवा शाळा बुडते. तिसऱ्या गटातील मुलीला "सवय होईल" असे सांगून घरी पाठवू नका. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा आजार प्रजननक्षम वयातील साधारण दहा टक्के स्त्रियांमध्ये असतो आणि त्याचे निदान व्हायला अनेकदा वर्षानुवर्षे लागतात. या गोष्टी मुली आपल्याला थेट सांगतीलच असे नाही, म्हणून संघाबरोबर एक स्त्री असावी. सहप्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट किंवा मुलींनीच निवडलेल्या कोणाची तरी आई. कोणाचीही माहिती तिच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये आणि संघनिवडीच्या चर्चेत तर तिचा उच्चारही होऊ नये.

मैदानावरच्या साध्या सोयींनी जे साधते ते कोणत्याही तक्त्याने साधत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड ठेवा, वरच्याच कप्प्यात, म्हणजे कोणाला मागावे लागणार नाही. स्वच्छतागृहात जायला परवानगी मागण्याची पद्धत बंद करा. पांढरी चड्डी गणवेशात असेल तर ती गडद रंगाची करा. विम्बल्डननेसुद्धा संपूर्ण पांढऱ्या पोशाखाचा आपला जुना नियम 2023 साली सैल करून स्त्रियांना गडद अंतर्चड्डी घालण्याची मुभा दिली. डाग पडेल या धास्तीने कमरेला स्वेटर बांधून बाकावर बसून राहिलेली, "पाय दुखतोय" असे सांगणारी मुलगी आपणही पाहिली असेल. रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली रिले शर्यतीनंतर चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने आदल्या रात्री पाळी आल्यामुळे दमल्यासारखे वाटत असल्याचे कॅमेऱ्यासमोर सांगितले, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. आपल्या मैदानावर असे सांगणे ही बातमी ठरू नये, इतके ते नेहमीचे व्हावे.

विषय काढण्यासाठी वेगळी सभा घेऊ नका. पालकांना आधी कल्पना द्या आणि पुढच्या सरावाच्या सुरुवातीला, बूट बांधून होत असताना, दुखापतींविषयी नेहमी विचारता त्याच आवाजात सांगा: "कोणाचा घोटा दुखत असेल, ताप येऊन गेला असेल, पाळीचा त्रास होत असेल, तर मला किंवा ताईंना सांगा. आज पूर्ण सराव, अर्धा सराव की फक्त पास देण्याचा सराव, हे तुम्ही ठरवा. कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. पॅड पेटीच्या वरच्या कप्प्यात आहेत."